वेढे

गौसभाईच्या डायरीला ग्रीसचा वास येतो.
उदगिरात, चौबाऱ्यामागच्या गल्लीत,
सदतीस वर्षांच्या जळक्या मोटारी तिच्यात झोपल्यात:
तीन एचपी, छत्तीस खाचे, वेढे इतके, तार अमक्या गेजची,
समासात पेन्सिलीनं, "देगलूरवाला. घाई करतो."
काही आकडे उर्दूत, काही मराठीत,
एका पानावर चहाच्या कपाचा गोल.
टाइप करताना मी त्याला शून्य समजले होते.

आमचं झेरॉक्सचं दुकान बरोबर समोर.
गिऱ्हाईक नसलं की एक पान, लाइट गेली की अर्धं,
असं करत डायरी वेबसाइटवर चढवली.
पाटीला रंग दिला तांब्याचा.
गौसभाईनं चष्मा कपाळावर सरकवला,
"तांबं कुठंय यात? हा तर गूळ."
त्यांच्या खोक्यातलं तारेचं भेंडोळं स्क्रीनशेजारी धरून
पुन्हा रंग लावला.

मग जाहिरातींच्या जागा.
चौकटी आधी आखायच्या असतात, रिकाम्याच,
बाजाराच्या दिवशी पहाटे बाया
विटेचा तुकडा ठेवून जागा धरतात तशा.
फरक एवढाच, इथं शेजारी कोण बसेल ते आपण ठरवत नाही.
माझ्याकडं बसलं केस वाढायचं तेल,
त्याच्या बाजूला दुबईतला फ्लॅट,
आणि एक बाई, नुसती हसणारी,
ती काय विकत होती ते अजून कळलं नाही.

दिवसाचे अकरा सेंट.
"सेंट म्हंजे अत्तर का?" गौसभाई.
अत्तरच म्हणा.
वास येतो, हाताला काही लागत नाही.

शिकवणीच्या व्हिडिओत पांढऱ्याशुभ्र दातांचा एकजण सांगत होता,
जाहिरात तिथं ठेवा जिथं अंगठा आपसूक पडतो.
ठेवली.
वेढ्यांचा आकडा आणि तारेचा गेज, बरोबर त्यांच्या मधोमध.
चौथ्या दिवशी मी रस्ता ओलांडून पळत गेले.

गौसभाई खुर्चीवर, साचा फिरतोय,
ओठांत छत्तीस, सदतीस, अडतीस...
"गौसभाई, एक्केचाळीस झाले!"

हात थांबला.
माझ्याकडं न बघता त्यांनी तार उलटी सोडली,
सगळी, पहिल्या वेढ्यापर्यंत.
"मदी कुनी बोललं का गिनती गेली, बेटा."
आणि पुन्हा एक.

त्या रात्री मला मुखेडकडचा कुणीतरी दिसत राहिला,
नवा कारागीर, दुकानाचं शटर अर्धं खाली,
सकाळी मोटार द्यायचा शब्द दिलेला,
हात काळे, म्हणून करंगळीनं मोबाइल सरकवतोय.
वेढे सापडले, बेचाळीस.
गेज बघायला खाली जातो तर
दुबईतला फ्लॅट उघडतो.
तो बंद करून परत येईतो
बेचाळीस होते का चोवीस?

उठून चौकट खाली नेली. अगदी तळाला,
जिथं माणूस काम उरकल्यावर जातो,
हात पुसून, गेलाच तर.
एक्केचाळीसचे सात झाले.
व्हिडिओवाल्याला कळवलं नाही.

दहा डॉलरला पोचेपर्यंत दिवाळी होऊन गेली.
मग हणमंत केंद्रे सायकल न लावताच ओरडले,
"परदेशी पाकीट हाय, सही कर!"
आत सहा आकडे.
ते भरले की कंपनीला पटणार
मी आहे, आणि दिल्या पत्त्यावरच आहे.
पत्ता मीच लिहिला होता:
गौस मोटार रिवायंडिंगच्या समोर.

पाकीट घेऊन रस्ता ओलांडला.
ओठांत एकवीस चालू होतं.
उंबऱ्यावर उभी राहिले, वार्निशच्या वासात,
कागद घडी करून, उघडून, परत घडी करून.
अठ्ठावन्नला त्यांनी तार तोडली,
टोकाला गाठ मारली, मान वर केली.

मग मी बोलले.